गरतांग गली : कड्याला टांगलेली वाट

मागच्या तीन भागांत आपण लढायांबद्दल बोललो. आज लढाई नाही. इंदूरच्या एका दर्शकानं विचारलं होतं, "साहेब, आम्ही गंगोत्रीला चाललोय. वाटेत देवळांशिवाय आणखी काय बघण्यासारखं आहे?" मी त्यांना एका ओळीत उत्तर पाठवलं होतं, गरतांग गली बघा. पण एका ओळीत भागणारं ते प्रकरण नाही. शिवाय त्या खोऱ्याचं आणि माझं एक जुनं खातं आहे. ते आज तुमच्यासमोर उघडायचं ठरवलंय.

आधी जागा समजून घेऊ. उत्तरकाशीहून गंगोत्री साधारण शंभर किलोमीटर. भागीरथीच्या काठानं रस्ता वर चढत जातो. हर्षिल येतं, देवदारांनी भरलेलं, सफरचंदाच्या बागांचं. पुढे धराली. ५ ऑगस्ट २०२५ ला खीर गंगेच्या लोंढ्यानं ज्या धरालीचा बाजार काही क्षणांत गाडून टाकला, तेच हे गाव. त्याच दिवशी हर्षिलच्या फौजी कॅम्पलाही तडाखा बसला आणि आमचे जवान वाहून गेले. तिथून जाताना दोन मिनिटं गाडी थांबवा, एवढंच सांगतो. पुढे लंका नावाची जागा लागते. हो, लंकाच. तिथे भागीरथीला उजवीकडून, म्हणजे तिबेटच्या बाजूनं, जाड गंगा येऊन मिळते. तिलाच जान्हवीही म्हणतात. दोन्ही नद्यांनी खडक इतका खोल कापलाय की वरून पाणी दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. आज तिथे मोटारीचा पूल आहे, तळापासून शंभर मीटरांच्या आसपास उंच. तो १९८०च्या दशकातला. त्याआधी यात्रेकरू लंकेला बसमधून उतरत, पायी दरीत उतरत, पलीकडे भैरोंघाटीला चढत आणि तिथून दुसरी गाडी धरत. आजी-आजोबांपैकी कुणी ती यात्रा केली असेल तर विचारा, गुडघ्यांची आठवण आधी निघेल.

याच लंकेच्या पुलाजवळून गरतांग गलीची पायवाट सुरू होते. जंगलातून दोन-सव्वादोन किलोमीटर. चढ फार नाही, पण उंची अकरा हजार फुटांच्या घरात आहे, तेव्हा साठीच्या पुढच्या मंडळींनी घाई करू नये. देवदार, भूर्ज, खाली जाड गंगेचा घोष. मग एक वळण येतं आणि वाट संपते. समोर सरळ उभा कडा, आणि त्या कड्याच्या छातीवर लाकडी जिना टांगलेला.

याला पूल म्हणावं की नाही, यावर माझा आणि माझ्या एका सॅपर मित्राचा बराच वाद झाला. पूल या काठावरून त्या काठावर नेतो. हा त्याच डोंगरावरून त्याच डोंगरावर नेतो, कारण मध्ये डोंगरानं पाय ठेवायला जागाच सोडलेली नाही. खडकाला भोकं पाडून त्यांत लोखंडी दांडे ठोकले, त्यांवर देवदाराच्या फळ्या टाकल्या, आणि जिथे खडक पुढे आला होता तिथे तो कोरून माणूस जाईल एवढी जागा केली. लांबी १३६ मीटर, रुंदी १.८ मीटर. देवदारच का, तर त्याच्या लाकडात तेल असतं. पाऊस, बर्फ, कीड, सगळ्यांना ते पुरून उरतं. परंपरा सांगते की हे काम पेशावरच्या पठाणांनी केलं, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी. भोकं पाडणारा माणूस त्या वेळी कशावर उभा होता, हा प्रश्न मला तिथे प्रत्येक पावलाला पडला. फौजेत असताना आम्ही कड्यावर दोर लावले आहेत, पण आमच्याकडे चांगले दोर होते, मेखा होत्या, आणि खाली डॉक्टर होता.

आता, एवढा खटाटोप कुणी आणि कशासाठी केला?

मिठासाठी. मीठ, लोकर, टांकणखार. हे तिबेटातून यायचं. इकडून धान्य, गूळ, कापड जायचं. जाड गंगेच्या खोऱ्यात वर नेलांग आणि जादुंग ही दोन गावं. तिथले लोक म्हणजे जाड, भोटिया समाजातले. उन्हाळ्यात ते नेलांग-जादुंगला राहत, हिवाळ्यात बर्फ पडलं की उत्तरकाशीच्या खाली डुंडापर्यंत उतरत. मधल्या काळात घाटापलीकडे तिबेटात व्यापार. ओझं वाहायला मेंढ्या आणि बकऱ्या. एकेका जनावराच्या पाठीवर दोन बाजूंना लोकरीच्या छोट्या थैल्या, सगळं मिळून दहा-बारा किलो. असे कळपच्या कळप. म्हणजे हा जिना खरं तर माणसांच्या आधी बकऱ्यांसाठी आहे. आज तिथे रेलिंग धरून थरथरणारी आमच्यासारखी मंडळी बघितली की त्या बकऱ्यांबद्दल आदर वाटतो.

महाराष्ट्रातल्या दर्शकांना हे समजायला जड जाणार नाही. आपला नाणेघाट आठवा. सातवाहनांच्या काळातली ती खोदलेली वाट, नागनिकेचा शिलालेख, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचं, वंजारी-लमाणांचे तांडे ते न्यायचे. तिथेही राजाचं नाव राहिलं, तांड्यातल्या कुणाचं नाही.

गरतांगच्या बाबतीत तर राजाचंही नाही. या खोऱ्यात नाव राहिलं ते एका गोऱ्या माणसाचं. फ्रेडरिक विल्सन, सगळे त्याला 'पहाडी विल्सन' म्हणतात. जन्म १८१७, यॉर्कशायरचा. अफगाण युद्धानंतर फौज सोडून पळाला आणि हिमालयात लपला, असं सांगतात. फौजी माणूस म्हणून मला पळपुट्याबद्दल प्रेम नाही, पण गडी कर्तबगार होता हे मान्य करायला हवं. आधी कस्तुरी आणि मोनाल पक्ष्यांची कातडी विकली. मग टिहरीच्या राजाकडून देवदार तोडायचा ठेका घेतला आणि ओंडके भागीरथीत सोडून थेट मैदानात पोचवले. रेल्वेला स्लीपर हवे होते, आणि देवदाराचं लाकूड टिकाऊ होतं. हर्षिलला त्यानं मोठा लाकडी बंगला बांधला, मुखबा गावातल्या मुलीशी लग्न केलं, स्वतःची नाणी पाडली, सफरचंद आणलं. १८८३ मध्ये मसुरीत वारला. कॅमल्स बॅक रोडच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

या विल्सननं जाड गंगेवर दोरांचा झुलता पूल बांधला. त्याआधी तिथे 'सांगा' असायचा, म्हणजे दोन्ही काठांवरून एकावर एक ओंडके थोडे थोडे पुढे सरकवत नेऊन मध्ये फळ्या टाकलेला लाकडी पूल. सांग्याची लोकांना सवय होती, झुलत्या पुलाची नव्हती. यात्रेकरू पाऊल टाकेनात. तेव्हा विल्सननं स्वतः घोड्यावर बसून तो पूल दौडत पार केला, परत आला, पुन्हा गेला. मग लोकांना धीर आला. आजही चांदण्या रात्री तिथे घोड्याच्या टापा ऐकू येतात म्हणे. मी तिथे बऱ्याच चांदण्या रात्री जागून काढल्या आहेत, पहाऱ्यावर. टापा ऐकल्या नाहीत. खेचरं ऐकली.

गंमत बघा. यात्रेकरूंच्या पुलाची गोष्ट भुतासकट शिल्लक आहे, आणि पावलोपावली जास्त अवघड असलेल्या व्यापाऱ्यांच्या जिन्याची एक धड गोष्टही नाही. यात्रेकरू लिहितात, साहेब लोक लिहितात. बकऱ्या हाकणारा लिहीत नाही.

आणखी एक गोरा माणूस या खोऱ्यातून गेला, तो लिहिणारा निघाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी देहरादूनला शत्रुदेशांच्या नागरिकांची छावणी ठेवली होती. ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हॅरर तिथे कैदेत होता. २९ एप्रिल १९४४ ला सात जण मिळून पळाले. दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा वेष केला, बाकीच्यांनी तोंडाला रंग फासून हिंदी मजुरांचा, आणि तारेचं कुंपण दुरुस्त करणारी टोळी म्हणून भर दिवसा फाटकातून बाहेर पडले. पहारेकऱ्यांनी सलाम ठोकला असणार! हॅरर आणि त्याचे काही सोबती नेलांगच्या खोऱ्यातून वर चढून मे महिन्यात तिबेटात उतरले. पुढची सात वर्षं आणि ल्हासा तुम्हाला पुस्तकातून, नाहीतर सिनेमातून माहीत आहेच.

योगायोग असा की बरोबर दहा वर्षांनी, २९ एप्रिल १९५४ ला, भारत आणि चीन यांच्यात तिबेटच्या व्यापाराचा करार झाला. पंचशील म्हणून आपण शाळेत शिकलो तोच. त्यात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी सहा घाटांची नावं घातली आहेत: शिपकी ला, माणा, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपूलेख. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा वाचली. नेलांगचं नाव त्यात नाही. ज्या वाटेसाठी कड्यात लोखंड ठोकलं, ती वाट दोन देशांच्या कागदावर आलीच नाही. याला कारण होतं. नेलांग-जादुंगवर तिबेटनं जुना दावा सांगितला होता, टिहरी संस्थानाशी त्यावरून तंटा होता, १९२६ मध्ये हद्द ठरवायला मंडळीही बसली होती. चीननं पुढे तोच दावा उचलला, फक्त गावांची नावं तिबेटी वळणानं सांगितली. वादाच्या जागेची वाट कोण कागदावर घेणार? लोक मात्र चालत राहिले. बकऱ्यांना करार वाचता येत नाही.

१९६२ च्या जूनमध्ये कराराची मुदत संपली, ऑक्टोबरमध्ये युद्ध झालं. या भागात मोठी लढाई झाली नाही, पण सीमा ती सीमा. नेलांग आणि जादुंग रिकामी केली. लोकांना हर्षिलजवळ बगोरीला आणि खाली डुंडाला वसवलं. गरतांग गली लोकांसाठी बंद झाली. काही वर्षं फौजेची ये-जा तिथून राहिली, मग पलीकडच्या अंगानं रस्ता झाला आणि जिन्याला कुणी विचारेना. फळ्या कुजल्या, काही दरीत गेल्या, लोखंड खडकात तसंच राहिलं.

आता माझं खातं.

१९८८ मध्ये मी कॅप्टन होतो आणि माझी पोस्टिंग त्या खोऱ्यात होती. जाड लोकांना वर्षातून एकदा ग्रामदेवतेच्या पूजेसाठी वर जायची परवानगी मिळायची. एका सकाळी चौकीवर एक म्हातारा आला. अंगात घरी विणलेला लोकरी कोट, बरोबर दहा-अकरा वर्षांचा नातू आणि पूजेचा बोकड. कागद दाखवला. कागद बरोबर होता, सही-शिक्का बरोबर होता, पण तारीख दुसऱ्या दिवशीची होती. म्हातारा म्हणाला, "साहब, बाकीचे उद्या गाडीनं येतील. मला चालायला वेळ लागतो, म्हणून आज निघालो." मी त्याला परत पाठवलं. ओरडलो नाही, चहाही पाजला. पण परत पाठवलं. नियमानं माझं चुकलं नव्हतं. कुणी मला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी पूजेची मंडळी आली, त्यांत तो नव्हता. बोकड होता, नातवाच्या हातात.

जवानांना सीमेवर उभं करताना आम्ही सांगतो, तुझ्या मागे तुझं गाव आहे असं समज. त्या म्हाताऱ्याचं गाव माझ्या मागे होतं, अगदी खरोखर, आणि मी त्यालाच तिकडे जाऊ दिलं नव्हतं. हे तेव्हा मनात आलं नाही. पुष्कळ वर्षांनी आलं, निवृत्तीनंतर, पुण्यात, रेशनकार्डाच्या रांगेत एका कारकुनानं मला तारखेवरून परत पाठवलं तेव्हा.

१८ ऑगस्ट २०२१ ला, एकोणसाठ वर्षांनी, गरतांग गली लोकांसाठी खुली झाली. दुरुस्ती जुन्याच पद्धतीनं, देवदाराच्या लाकडातच केली. हे चांगलं झालं, सिमेंट ओतलं नाही. एका वेळी दहाच माणसं, एकमेकांत अंतर ठेवून, नाचायचं-उड्या मारायचं नाही, असे नियम लावले. ते मला पसंत आहेत. उघडून महिना उलटला नाही तोच कुणीतरी कठड्यावर नावं कोरली, पोलिसात तक्रार झाली. आपल्या किल्ल्यांवर बाण आणि बदाम पाहिलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही, पण संताप येतोच. ज्यांनी तो बांधला त्यांनी एक अक्षर कोरलं नाही, आणि हे!

मी गेलो २०२२ च्या ऑक्टोबरात. सकाळी आठला फाटकातून आत, नऊ-सव्वानऊला जिन्यावर. फळ्या नव्या, पण काही ठिकाणी खडकात जुने लोखंडी दांडे दिसतात, गंजून काळे पडलेले. एकावर हात ठेवला. बर्फासारखा थंड. खाली बघू नका असं म्हणतात, मी बघितलं. खाली निळंपांढरं पाणी, वर पट्टीएवढं आकाश. जिना संपल्यावर थोडी वाट पुढे जाते आणि मग आपल्याला परत फिरावं लागतं. नेलांगपर्यंत तिथून पायी जाता येत नाही. म्हणजे व्यापारी वाटेचा जो तुकडा उघडलाय तो कुठेच पोचत नाही. तुम्ही जाता, फोटो काढता, परत येता. नेलांगला २०१५ पासून दिवसापुरतं जाता येतं, पण गाडीनं, परवानगी घेऊन, पलीकडच्या रस्त्यानं. जादुंगची जुनी घरं आता सरकार होमस्टेसाठी पुन्हा उभी करतंय, सीमेवरची गावं वसवायच्या योजनेत. फौजी डोक्यानं विचाराल तर मी याच्या बाजूचा आहे. रिकाम्या गावापेक्षा वसलेलं गाव सीमा जास्त चांगली राखतं. १९६२ मध्ये आपण उलट केलं. घाईत केलं, घाबरून केलं, आणि मग तसंच ठेवलं.

दुपारी बगोरीला गेलो. हर्षिलहून चालत पंधरा मिनिटं. ओळीनं लाकडी घरं, अंगणात लोकर वाळत टाकलेली, बाया टकळीवर सूत काढत बसलेल्या. त्या म्हाताऱ्याची चौकशी केली. नाव मला माहीत नव्हतं, तेव्हा तरी कुठे विचारलं होतं? लोकरी कोट आणि बोकड एवढ्या खुणेवर कुणाला माणूस सापडतो! एका आजींनी बसवून घेतलं. वय ऐंशीच्या पुढे. गाव सोडलं तेव्हा त्या विशीत होत्या, जादुंगच्या. मी सांगितलं, "माताजी, मी फौजेत होतो. तुमच्या गावात राहिलोय." त्यांनी सूत कातायचं थांबवलं.

"मग आमचं घर बघितलं असशील," त्या म्हणाल्या. "देवळाच्या वरच्या अंगाला, तिसरं. दाराच्या चौकटीवर फुलं कोरलेली. माझ्या सासऱ्यांनी कोरली होती. आहे का अजून उभं?"

मंडळी, मी त्या गावाचा नकाशा काढला होता. प्रत्येक घराला नंबर दिला होता. कुठल्या घराच्या भिंती शाबूत आहेत, कुठून खोरं दिसतं, कुठे आडोसा मिळतो, किती माणसं मावतील, सगळं लिहिलं होतं. आजही डोळे मिटले तर तो कागद दिसतो. चौकटी बघितल्या नव्हत्या. एकाही दाराची चौकट मला आठवत नव्हती.

तसं मी त्यांना सांगितलं. खोटं बोलून चाललं असतं, पण नाही बोललो. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या आणि सुनेला हाक मारून चहा सांगितला. लोणी घालून घुसळलेला त्यांचा खारा चहा. मी विचारलं, "मीठ अजून तिकडचंच लागतं का हो?" सुनेनं आतून पिशवी आणून दाखवली. आयोडिनचं मीठ, हर्षिलच्या दुकानातून आणलेलं. "हे लवकर विरघळतं," आजी म्हणाल्या. "तिकडचं कुटावं लागायचं."